प्रश्न कोणत्या भाषेत विचारावा?

द्वितीय वर्ष, कला

रविवारी सकाळी सातच्या मिस्साला मी आमच्या गावच्या देवळात वाचन करते. वसईच्या खेड्यांत आम्ही चर्चला अजून देऊळच म्हणतो. समोर पाच-सहाशे माणसे असतात. पुढच्या बाकांवर लाल लुगडी नेसलेल्या म्हाताऱ्या, त्यांच्यामागे बायका-मुले आणि अगदी मागे भिंतीला टेकून उभे राहिलेले पुरुष. मी वाचनपीठापाशी जाते, पुस्तकातली खुणेची फीत बाजूला करते आणि संदेष्टा यशयाचे किंवा संत पौलाचे शब्द मोठ्याने वाचते. आवाज कापत नाही, पाय लटपटत नाहीत. सातवीत असल्यापासून हे काम माझ्याकडे आहे.

आणि सोमवारी? सोमवारी वर्गात फक्त चाळीसएक जण असतात. सगळे माझ्या वयाचे, माझ्या ओळखीचे. तास संपत आला की सर विचारतात, "एनी क्वेश्चन्स?" माझ्या मनात प्रश्न असतो. तो जिभेपर्यंत येतो. मग मी मनातल्या मनात त्याचे इंग्रजी करू लागते. कर्ता सापडतो तर क्रियापद सापडत नाही, क्रियापद सापडले तर काळ चुकतो. तोवर सर फळा पुसतात, घंटा होते आणि माझा प्रश्न रिकाम्या डब्याबरोबर पिशवीत जातो.

मित्रहो, हा लेख त्या पिशवीत गेलेल्या प्रश्नांविषयी आहे. ते एकट्या माझे नाहीत, म्हणून तो लिहिण्याचे धाडस करते आहे.

आपले महाविद्यालय लहान आहे. एका टोकाच्या वर्गात खडू पडला तर दुसऱ्या टोकाला कळावे, एवढे लहान. शहरातल्या मोठ्या कॉलेजांत शिकणाऱ्या माझ्या मावसभावाला त्याचे प्राचार्य दोन वर्षांत एकदाच दिसले, तेही व्यासपीठावर. आपल्याकडे फादर प्राचार्य सकाळी फाटकाशी उभे असतात. "काल का नव्हतीस?" असे ते नावानिशी विचारतात. आई आजारी होती असे सांगितले, तर चार दिवसांनी "आई कशी आहे?" असेही विचारतात. शुल्क एकरकमी भरता आले नाही म्हणून माझ्या माहितीत कोणाला घरी बसावे लागलेले नाही. हप्ते बांधून दिले जातात. डिसेंबरात गव्हाणी सजवायला सगळ्यांत जास्त हात हिंदू आणि मुसलमान मित्रांचे असतात आणि गणपतीच्या सुट्टीनंतरचे मोदक फादरांच्या टेबलापर्यंत पोहोचतात. कॅथलिक संस्थेचे कॉलेज असले तरी वर्गात नजर फिरवली तर सगळा तालुका दिसतो. पश्चिमेच्या वाड्यांतली आम्ही शेतकऱ्यांची मुले, किल्ल्याकडची कोळ्यांची मुले, नालासोपारा-विरारच्या चाळींतली, कोकणातून नि उत्तर प्रदेशातून आलेल्या घरांतली मुले आणि महामार्गापलीकडच्या पाड्यांवरून दोन वाहने बदलून येणारी आदिवासी मुले. आमच्यातल्या कितीतरी जणांच्या घरात कॉलेजचे तोंड पाहिलेले पहिले माणूस आम्हीच आहोत.

माझ्या घरात तर मीच. आई चौथी शिकली. पहाटे फुलांच्या टोपल्या घेऊन ती पहिल्या गाड्यांपैकी एखादीने दादरला जाते आणि मी कॉलेजला निघते तेव्हा परत येत असते. बाबा सातवीपर्यंत शिकले. वाडीत चाफा, मोगरा, थोडी केळी आणि हंगामाची भाजी. मला प्रवेश मिळाला त्या दिवशी बाबांनी सगळ्या आळीला पेढे वाटले. कोणता विषय घेतला असे कोणी विचारले, तर "बी.ए." एवढेच सांगत होते. त्यांच्या लेखी तोच विषय होता.

अशा घरातून आलेल्या मुलीने कॉलेजविषयी तक्रार करावी हे कोणाला कृतघ्नपणाचे वाटेल. तक्रार नाही, पण एक गोष्ट बोलल्याशिवाय राहवत नाही. ज्या कॉलेजात प्राचार्य माझ्या आईची प्रकृती विचारतात, त्याच कॉलेजात मी दीड वर्ष वर्गात एकही प्रश्न विचारला नाही. माणूस म्हणून मला इथे सगळे ओळखतात. विद्यार्थिनी म्हणून माझ्या डोक्यात काय चालले आहे ते कोणाला ठाऊक नाही. लहान कॉलेजची जवळीक वर्गाच्या दारापर्यंत येते आणि तिथे थांबते. का थांबते?

एक प्रसंग सांगते. या वर्षी आमच्या इतिहासाच्या तासाला मराठ्यांच्या वसईच्या मोहिमेचा विषय निघाला. १७३९ साली चिमाजी आप्पांनी वसईचा किल्ला घेतला आणि इथली दोनशे वर्षांहून अधिक काळची पोर्तुगीज सत्ता संपली, हे वसईच्या पोराला पाळण्यात कळते. सरांनी मोहिमेची कारणे, वेढा आणि परिणाम इंग्रजीतून मुद्देसूद सांगितले. मी सगळे उतरवून घेतले. पण लिहिता लिहिता एक विचार डोक्यात शिरला तो निघेना. पोर्तुगीज गेले, आम्ही तर इथेच राहिलो! राज्य बदलले तेव्हा आमच्या पणजोबांच्या पणजोबांनी काय केले? सारा कोणाला भरला? मुलांना बाप्तिस्मा कोणी दिला? परिणामांच्या त्या पाच मुद्द्यांत ती माणसे कुठे आहेत?

तासाला मी गप्प राहिले. चार दिवसांनी स्टाफरूममध्ये गेले आणि हे सगळे मराठीत विचारले. सर क्षणभर पाहत राहिले. मग उठून त्यांनी कपाटातून १८८२ चे ठाणे जिल्ह्याचे गॅझेटिअर काढले, त्यातली दोन प्रकरणे दाखवली, गावातल्या म्हाताऱ्या माणसांकडून काय काय विचारून घ्यायचे ते सांगितले आणि म्हणाले, "हा प्रश्न वर्गात विचारला असतास, तर त्या दिवशीचा तास वेगळाच झाला असता. का नाही विचारलास?"

मी काय उत्तर देणार? "सर, इंग्रजी जुळेना" असे म्हणायची लाज वाटली. "राहून गेले" म्हटले.

दुसऱ्या दिवशी सरांनी तास त्याच प्रश्नाने सुरू केला आणि मुद्दाम मराठीत सुरू केला. मग जे झाले ते मी विसरणार नाही. किल्ल्याकडचा एक मुलगा, जो वर्षभर शेवटच्या बाकावर मान खाली घालून बसतो, तो उठला आणि त्याच्या आजोबांकडून ऐकलेली वेढ्याची हकिकत सांगू लागला. नालासोपाऱ्याच्या एकीने विचारले, "हे आजोबा सांगतात ते खरे कशावरून धरायचे?" म्हणजे इतिहासाच्या साधनांचा जो धडा आम्ही पहिल्या वर्षी पाठ केला होता, तो तिने न ठरवता समोर आणला. आणि पूर्वेकडच्या पाड्यावरून येणारी माझी मैत्रीण, जिचा आवाज मी वर्गात कधी ऐकला नव्हता, ती म्हणाली, "तुमच्याबद्दल निदान प्रश्न तरी पडला. आमच्या माणसांबद्दल कोणाला प्रश्नसुद्धा पडत नाही." वर्ग एकदम शांत झाला. सरांनी खडू खाली ठेवला. ते म्हणाले, "हा आजचा सगळ्यांत मोठा मुद्दा आहे. लिहून घ्या."

वीस मिनिटे. फक्त वीस मिनिटे भाषेचे दार उघडले होते, तर एवढे आत आले. मग असे वाटते की वर्गात प्रश्न नसतात हे खोटे आहे. प्रश्न असतात, त्यांना अंगावर घालायला कपडे नसतात म्हणून ते बाहेर पडत नाहीत.

आता थोडे माझ्या घराकडे वळते. संध्याकाळी आई वळेसर करायला बसते, आजी शेजारी पाकळ्या निवडते आणि मी दिवसभरात शिकलेले त्यांना सांगते. आधी हा नुसता पोरखेळ होता. आता ती माझी परीक्षा झाली आहे. जे मला घरच्या बोलीत सांगता येते तेच मला समजलेले असते. जे सांगता येत नाही ते फक्त वहीत असते. आमची बोली कादोडी; पुस्तकात तिला सामवेदी म्हणतात.

एकदा युरोपातला 'फ्युडॅलिझम' आला. वहीत व्याख्या होती, ती मला पाठ होती. आजीला सांगायला बसले आणि अडले. शेवटी म्हटले, जमीन एकाची, राबणारा दुसरा, आणि पिकातला वाटा मालकाच्या घरी. आजी हसली. म्हणाली, "मग हे आम्हाला काय सांगतेस? आम्ही कूळच होतो." आणि तिने लहानपणी पाहिलेला खंड, भाताची मापे, मालकाच्या ओटीवर उभे राहणे, आणि मग कूळकायद्याने जमीन नावावर झाल्यावर तिच्या बापाने बांधावर केलेली प्रार्थना, असे सगळे सांगितले. १९४८ चा कूळकायदा आणि १ एप्रिल १९५७ चा कृषकदिन मी पुस्तकात वाचला होता. त्या वेळी आजी दहा वर्षांची होती आणि बांधावर उभी होती, हे मला ठाऊक नव्हते. मग तिने विचारले, "तिकडच्या कुळांना जमीन कशी मिळाली?" असा प्रश्न मला सुचला नव्हता. आजी शाळेत गेलेली नाही.

उगाच भावनेच्या भरात बोलते आहे असे कोणी समजू नये. युरोपची सरंजामशाही आणि वसईचे कूळ एक नव्हे, हे सरांनी नंतर मला नीट समजावून दिले. पण फरक समजायला आधी साम्य दिसावे लागते आणि ते दिसले घरच्या भाषेत.

आता जी गोष्ट सांगायची आहे ती सांगताना मान खाली जाते. दोष नेहमी भाषेचा, अभ्यासक्रमाचा, शिक्षकांचा असे म्हणणे सोपे असते. आमचा स्वतःचा दोष कोणी सांगायचा?

पहिल्या वर्षी आमच्या वर्गातला एक मुलगा सादरीकरणाला उभा राहिला. त्याने दोन रात्री बसून कागद तयार केला होता. वाचताना 'आर्काइव्ह' हा शब्द त्याने 'आर्चिव्ह' असा वाचला. मागून कोणीतरी खिदळले. तो पुढच्या ओळीवर गेला तर ती हसण्याची लाट पुढे आली. तो थांबला, कागदाची घडी घातली आणि जागेवर जाऊन बसला. हसणाऱ्यांत मी होते. माझ्या शेजारणीपेक्षा मी जरा जास्तच मोठ्याने हसले. कारण आपण हसलो म्हणजे आपल्याला बरोबर उच्चार येतो असे लोकांना वाटते.

आठ दिवसांनी माझी पाळी आली. 'डेट' या शब्दातला न उच्चारायचा 'ब' मी ठणठणीत उच्चारला. पुढचे सांगायला नको. त्या दिवसापासून मी वर्गात तोंड उघडले नाही.

तो मुलगा दिवाळीनंतर कॉलेजात दिसला नाही. त्याच्या घरच्या बोटीचे काम बसले होते आणि भावाची नोकरी गेली होती, असे कळले. तो आता कुरिअरच्या गोदामात रात्रपाळी करतो. आम्ही हसलो म्हणून त्याने कॉलेज सोडले असे मी म्हणणार नाही. पोटाची कारणे मोठी असतात. पण कॉलेज सोडावे की कसेबसे टिकवावे अशा काट्यावर माणूस उभा असतो, तेव्हा पारड्यात पडलेले चिमूटभर वजनही पुरते. ती चिमूट मी टाकली. या अंकाची एक प्रत मी त्याला नेऊन देणार आहे.

आणि हे केवळ इंग्रजीपुरते आहे असे नाही. मराठीच्या तासाला आमच्या बोलीचा हेल आला की प्रमाण मराठी बोलणारे हसतात. आम्ही कादोडी आणि वाडवळीवाले पाड्यावरच्या मुलीच्या वारलीला हसतो. हिंदी घरातल्या मुलाचे मराठी लिंग चुकले की सगळेच हसतात. उतरंडीतल्या प्रत्येक मडक्याला आपल्याखाली एक मडके हवे असते, तशातला हा प्रकार आहे. ३ ऑक्टोबर २०२४ रोजी मराठीला अभिजात भाषेचा दर्जा मिळाला, तेव्हा आपण फाटकावर रांगोळी काढली आणि फलक लावला. चांगले केले. पण त्याच दिवशी आपल्या वर्गात कितीजण आपल्या मराठीची लाज वाटून गप्प बसले होते, याची मोजदाद कोणी केली नाही.

आता या आपल्या संस्थेच्या परंपरेकडे पाहू. मला तर वाटते की माझी मागणी नवी नाहीच. फार जुनी आहे.

फादर थॉमस स्टीफन्स नावाचा इंग्रज येशूसंघीय धर्मगुरू १५७९ साली गोव्यात आला. त्याची भाषा इंग्रजी, पंथाची भाषा लॅटिन, राज्यकर्त्यांची पोर्तुगीज. तो या तिन्हींवर भागवू शकला असता. त्याने सासष्टीत राहून इथल्या लोकांच्या भाषा शिकून घेतल्या. कोंकणीचे व्याकरण लिहिले, ते त्याच्या मृत्यूनंतर १६४० साली छापले गेले; आणि मराठीत ओवीबद्ध 'क्रिस्तपुराण' रचले, ते १६१६ साली रायतूरला रोमन लिपीत छापले गेले. मराठीच्या तासाला हे सगळ्यांनी लिहिले आहे, पाच गुणांना विचारतात. पण एक गोष्ट मला स्वतः ग्रंथ चाळताना दिसली. त्या पुराणाच्या आरंभी, देवळातल्या धर्मशिक्षणाच्या प्रसंगी, एक नवख्रिस्ती माणूस पाद्रींपुढे आपले गाऱ्हाणे मांडतो. जुनी पुराणे तर आम्ही सोडली. मग आमच्या भाषेत आम्ही वाचायचे काय? त्या गाऱ्हाण्याला उत्तर म्हणून तो एवढा ग्रंथ उभा आहे. विचार करा, त्या माणसाला कोणी "आधी लॅटिन शीक, मग विचार" असे म्हटले असते तर?

हे चारशे वर्षांपूर्वीचे झाले. माझ्या आजीच्या आयुष्यातलेच सांगते. तिच्या लहानपणी मिस्सा लॅटिनमध्ये होत असे. फादर वेदीकडे तोंड करून म्हणत आणि ती माळ ओढीत बसे. लॅटिनचे काही तुकडे तिला अजून पाठ आहेत. अर्थ विचारला तर ती हात जोडते. मग दुसरी व्हॅटिकन परिषद भरली, ४ डिसेंबर १९६३ रोजी तिने उपासनेविषयीचा आपला दस्तऐवज मंजूर केला आणि लोकांच्या भाषांना उपासनेत जागा मिळाली. आजी सांगते, पहिल्यांदा मराठीत मिस्सा ऐकला तेव्हा बाया रडल्या. "इतकी वर्षे हे असे म्हणत होते होय!" असे त्या एकमेकींना म्हणाल्या. आज मी वाचनपीठाशी उभी राहते ती त्याच निर्णयामुळे. लॅटिन वाईट म्हणून तो निर्णय झाला नाही. लोकांनी नुसते ऐकू नये, भागही घ्यावा, म्हणून झाला.

आणि आपल्या डोळ्यांदेखतची गोष्ट म्हणजे फादर फ्रान्सिस दिब्रिटो. इथल्याच मातीतले. 'सुबोध बायबल'साठी साहित्य अकादमीचा २०१३ चा अनुवाद पुरस्कार त्यांना मिळाला आणि जानेवारी २०२० मध्ये उस्मानाबादला, म्हणजे आजच्या धाराशिवला, भरलेल्या ९३व्या अखिल भारतीय मराठी साहित्य संमेलनाचे ते अध्यक्ष होते. २०२४ च्या जुलैत ते गेले. आपल्या सभागृहात त्यांची शोकसभा झाली तेव्हा वक्त्यांनी त्यांच्या मराठीचे गुणगान केले. दुसऱ्या दिवशी वर्गात पुन्हा "एनी क्वेश्चन्स?"

वेदीने जे साठ वर्षांपूर्वी केले ते फळ्याने आज करावे, एवढेच माझे म्हणणे आहे.

यावर जे बोलले जाईल ते मला ठाऊक आहे, कारण त्यातले अर्धे माझे बाबाच बोलतात. "इंग्रजी ही पोटाची भाषा आहे. मराठीत प्रश्न विचारून नोकरी कोण देणार?" बाबांचे म्हणणे खोटे नाही. दादरच्या फुलबाजारात आईला मराठी-हिंदी पुरते. पण बँकेच्या खिडकीशी, स्पर्धा परीक्षेत, मुलाखतीत इंग्रजी लागते. मला इंग्रजी हवे आहे. ज्यांच्या घरात ते आयते आहे त्यांच्यापेक्षा मला ते दसपट हवे आहे. पण गप्प बसून इंग्रजी येत नाही. दीड वर्ष मी गप्प बसले. माझे इंग्रजी तसूभरही वाढले नाही. उलट सरांनी माझ्या मराठी प्रश्नाचे इंग्रजी वाक्य फळ्यावर लिहून दाखवले, ते वाक्य मी आज झोपेतून उठवले तरी म्हणेन. कारण ते माझे होते.

दुसरा आक्षेप प्राध्यापकांचा असेल आणि तो रास्त आहे. वर्गात पाच घरच्या पाच भाषा आहेत. चांगले संदर्भग्रंथ बहुतेक इंग्रजीत आहेत. सत्र लहान, अभ्यासक्रम मोठा. नव्या शैक्षणिक धोरणाची आमची पहिली तुकडी. मुख्य विषय, उपविषय, कौशल्याचे विषय, असे करीत तीन वर्षांत १२० ते १३२ श्रेयांक गोळा करायचे. त्यातून काही प्राध्यापक तासिका तत्त्वावर. इथला तास संपला की दुसऱ्या कॉलेजची गाडी पकडायची. त्यांनी आमचे प्रश्न कोणत्या वेळेत ऐकायचे? हे सगळे मान्य. पण त्याच धोरणाच्या कागदात मातृभाषेतल्या उच्च शिक्षणाचा आग्रह धरलेला आहे, आणि आमच्या विद्यापीठाने कला शाखेच्या विद्यार्थ्यांना उत्तरे मराठीत लिहिण्याची मुभा दिलेली आहे. उत्तर मराठीत चालते, तर प्रश्नाने काय घोडे मारले?

म्हणून नुसती हळहळ न करता चार साध्या सूचना मांडते. त्यांना पैसा लागत नाही.

पहिली, तासाची शेवटची दहा मिनिटे प्रश्नांची असावीत आणि त्या दहा मिनिटांत कोणतीही भाषा, कोणतीही बोली चालावी. सरांना बोली समजली नाही तर वर्गातलाच कोणीतरी उलगडून सांगेल. मग तो प्रश्न फळ्यावर मराठीत आणि इंग्रजीत, दोन ओळींत लिहावा. आमचे इंग्रजी त्या दोन ओळींतून शिकू.

दुसरी, ज्यांना उभे राहायचे धाडस नाही त्यांच्यासाठी वाचनालयाच्या दाराशी एक प्रश्नपेटी ठेवावी. चिठ्ठीवर नाव नसले तरी चालेल.

तिसरी सूचना शब्दांविषयी आहे. वाचनालयात मराठी विश्वकोशाचे खंड आहेत, भाषा संचालनालयाचे परिभाषा कोश आहेत. ते काचेच्या कपाटात असतात आणि किल्ली शिपाईमामांकडे असते. मामांचा काही दोष नाही. गेल्या वर्षभरात किल्ली मागायला तीन जण आले असे ते म्हणाले. आपण प्रत्येक विषयाच्या विद्यार्थ्यांनी मिळून दर सत्राला शंभर शब्दांची एक वही करावी. इंग्रजी शब्द, मराठी शब्द आणि एक घरचे उदाहरण. माझ्या वहीत 'फ्युडॅलिझम'पुढे आजीची भाताची मापे लिहिली आहेत.

चौथी सूचना प्राध्यापकांना नाही, प्राचार्यांनाही नाही. ती आपल्याला आहे. कोणी चुकला तर हसू नये. हा नियम सूचनाफलकावर लावून पाळता येणार नाही. तो प्रत्येकाने आपल्या ओठांवर लावायचा आहे. पहिली सही माझी.

हे सारे लहान कॉलेजातच होऊ शकते असे मला वाटते. जिथे एका वर्गात दीडशे डोकी असतात तिथे प्रश्न ऐकायला ध्वनिक्षेपक लागेल. आपण चाळीस आहोत. आपली नावे सगळ्यांना ठाऊक आहेत. नावे ठाऊक असलेल्या माणसांनी एकमेकांचे प्रश्नही ठाऊक करून घ्यावेत, यात अवघड काय आहे?

शेवटी एक गोष्ट सांगून थांबते. मागच्या आठवड्यात मी वर्गात हात वर केला. पहिल्यांदाच. प्रश्न मराठीत सुरू केला आणि घाईघाईत मध्येच कादोडीत शिरले. डाव्या बाजूने कोणीतरी फसकन हसले. मला जुनी कळ आली. पण सर बोलले नाहीत, नुसते थांबले. पाड्यावरची माझी मैत्रीण मागे वळली आणि हसणाऱ्याकडे पाहत राहिली. मी वाक्य पुरे केले.

घरी आल्यावर आजीला सांगितले. तिने पाकळ्या निवडता निवडता विचारले, "मग, सरांनी काय उत्तर दिले?"

सरांनी "उद्या पाहून सांगतो" असे म्हटले होते. मी आजीला तसे सांगितले. ती म्हणाली, "मग उद्या जा." मी गेले.